एक कोटी वीस लाखांत एक : गुणाकाराचा नियम कोर्टात गेला तेव्हा

दोन घटना एकत्र घडण्याची संभाव्यता हवी असेल तर दोन्हींच्या संभाव्यतांचा गुणाकार करा, हे तुम्ही बी.एस्सी.पासून लिहीत आला आहात. त्या नियमाआधी 'घटना स्वतंत्र असतील तर' असे चार शब्द असतात. पेट-नेटच्या प्रश्नांत ही अट बहुतेक वेळा दिलेलीच असते, त्यामुळे ती तपासायची सवय आपल्याला लागत नाही. ती न तपासता गुणाकार केला तर काय होतं, हे बघायला अमेरिकेतला एक जुना खटला घेऊ.

१८ जून १९६४. लॉस एंजेलिसच्या सॅन पेद्रो भागात एका बोळात एका वृद्ध बाईंना ढकलून त्यांची पर्स पळवली गेली. पळून जाणारी तरुणी सोनेरी केसांची होती. शेजारच्या एका माणसाने पोनीटेलवाली तरुणी पिवळ्या गाडीत बसताना पाहिली; गाडी चालवणारा कृष्णवर्णीय, दाढी-मिशी असलेला. पुढे माल्कम आणि जॅनेट कॉलिन्स या जोडप्यावर खटला उभा राहिला. ओळख पटवणारी साक्ष कच्ची होती. मग सरकारी वकिलाने काय केलं, तर कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एकाला साक्षीला बोलावलं.

त्या साक्षीदाराने गुणाकाराचा नियम समजावून सांगितला, आणि तो बरोबरच होता. आकडे मात्र वकिलाने स्वतः पुरवले: पिवळी गाडी १/१०, मिशीवाला पुरुष १/४, पोनीटेलवाली मुलगी १/१०, सोनेरी केसांची मुलगी १/३, दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष १/१०, गाडीतलं आंतरवंशीय जोडपं १/१०००. गुणाकार करून बघा, १/१,२०,००,००० येतो. ज्यूरीने दोघांना दोषी ठरवलं.

हे आकडे कुठल्या सर्वेक्षणातून आले? कुठल्याच नाही. पण समजा ते अचूक आहेत. तरी दाढी आणि मिशी वेगवेगळ्या धरून गुणता येतात का? आजूबाजूला बघा ना, दाढी ठेवणाऱ्या बहुतेकांना मिशी असतेच. प्रत्येक दाढीवाल्याला मिशी असेल असं धरलं, तर दोन्ही असण्याची संभाव्यता १/१० राहते, १/४० होत नाही. एकाच जागी चौपट फरक! सोनेरी केसांची मुलगी आणि कृष्णवर्णीय पुरुष मोजून झाल्यावर 'आंतरवंशीय जोडपं' पुन्हा गुणायचं, हे तर त्याहून वाईट. इथे सशर्त संभाव्यता लागते: P(अ आणि ब) = P(अ) × P(ब | अ). हे काही विसाव्या शतकातलं ज्ञान नाही. आब्राम द मॉइव्हरने अवलंबून असलेल्या घटनांसाठी हा नियम अठराव्या शतकातच मांडला होता.

माल्कमने अपील केलं आणि प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालपत्राला चक्क गणिताचं परिशिष्ट आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. न्यायालय म्हणालं, वकिलाचा आकडा क्षणभर मान्य करू. पण तो 'या वर्णनाचं जोडपं सहज सापडण्याची' संभाव्यता आहे, 'हे जोडपं निर्दोष असण्याची' नव्हे. प्रश्न असा हवा: असं एक जोडपं आहे हे माहीत असताना, आणखी एखादं असण्याची शक्यता किती?

वही घ्या. त्या भागात एक कोटी वीस लाख जोडपी आहेत असं धरा. असं एकही जोडपं नसण्याची संभाव्यता (१ − १/१,२०,००,०००) चा एक कोटी वीस लाखावा घात, म्हणजे साधारण ०.३६८. नेमकं एकच असण्याचीही जवळपास तेवढीच. पूरक घटनेच्या नियमाने, निदान एक असण्याची ०.६३२ आणि दोन किंवा जास्त असण्याची ०.२६४. आता ०.२६४ ला ०.६३२ ने भागा: ०.४१८.

म्हणजे वकिलाचेच आकडे घेऊनही, त्याच वर्णनाचं दुसरं जोडपं असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर. १९६८ मध्ये न्यायालयाने माल्कमची शिक्षा रद्द केली.