मायकमिन बाई!

परवा नातवाचा इंग्रजीचा गृहपाठ माझ्याकडे आला. ‘मे’ आणि ‘कॅन’ यांतला फरक लिहा. मी म्हटलं, आण इकडे, पाच मिनिटांचं काम. बसले तर तास गेला. आयुष्यभर मास्तरकी केली (शाळा मराठी माध्यमाची आणि माझी बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातलीच!) पण या ‘मे’ने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. ते आज लिहूनच टाकते.

आमच्या वर्गात ‘मे’ एकाच वाक्यात भेटायचा. दारात उभं राहून एका श्वासात, ‘मायकमिन बाई?’ पोरांना तो एकच शब्द वाटायचा. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे; पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. मी फळ्यावर तक्ता काढायची: मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे सामर्थ्य. ‘संभव’ हा तिसरा अर्थ खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात. परीक्षेत तो फारसा येत नसे, मग मीही त्याच्या वाटेला जात नसे.

गोष्ट १९८६ची. आम्ही चिंचवडला चाळीत राहत होतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर शेडच शेड उभ्या राहिल्या. माणसं गावं सोडून आली. त्यातलेच आमच्या शेजारचे भाऊ, मराठवाड्याकडचे. मुलगा आयटीआय करून फिटर झालेला. त्याला एका कंपनीचं पत्र आलं, वर्षभराची अप्रेंटिसशिप. चाळीत इंग्रजी वाचणारी एकटी मी. पत्राच्या शेवटी ओळ होती, ‘यू मे बी कन्सिडर्ड फॉर पर्मनंट एम्प्लॉयमेंट.’ मी ठसक्यात सांगितलं, ‘वर्ष झालं की कायम करण्याचा विचार केला जाईल.’

भाऊंनी त्यातलं ‘कायम’ आणि ‘जाईल’ एवढंच ऐकलं. मेहुण्यानं गावाकडच्या साखर कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता, तिथं नको म्हणून कळवलं. वर्ष संपलं, पोराच्या हातात सर्टिफिकेट पडलं आणि गेटपास काढून घेतला. भाऊ भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाई, तुम्ही जाईल म्हणाला होता.’

पुढे कुणीतरी दाखवलं, की शिकाऊ उमेदवारांच्या १९६१च्या कायद्यातच तेव्हा लिहिलेलं होतं, प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. (२०१४ साली ते कलम बदललं, आता प्रत्येक मालकानं याबाबत आपलं धोरण ठरवायचं असतं.) म्हणजे पत्रातली ती ओळ म्हणजे नुसती सौजन्याची वेलबुट्टी होती. मी तिचं आश्वासन करून टाकलं.

तेव्हापासून मला या शब्दांच्या कुळाचा नाद लागला. गंमत बघा. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मे’ हे साधं क्रियापद होतं, अर्थ ‘बळ असणं’. ‘माइट’ हे त्याचंच भूतकाळी रूप, आणि ‘माइट’ या नामाचा अर्थ अजूनही शक्ती असाच आहे. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणं’. कॅन, नो आणि आपलं ज्ञान ही एकाच मुळाची भावंडं! आधी बळ, मग परवानगी, मग ‘घडेल किंवा नाही घडणार’, असा ‘मे’ पातळ होत गेला. (‘कुड’मधला ल तर शुद्ध आगंतुक. वुड आणि शुडचं बघून घुसलेला. मी मात्र स्पेलिंगमध्ये तो विसरला म्हणून मुलांचे मार्क कापले आहेत.)

आपल्याकडे वेगळं नाही. शक्ती आणि शक्य यांचा धातू एकच, शक्. पण मराठीचे मार्ग जास्त. ‘मला पोहता येतं’ यात विद्या आपल्याकडे चालत येते. शाळेत शिकवायचो ते शक्य क्रियापद आठवतंय? ‘मला जिना चढवत नाही.’ हे उदाहरण मी पूर्वी पुस्तकातून देत असे, आता गुडघ्यातून देते. हल्ली बातम्यांत ‘पाऊस पडू शकतो’ ऐकलं की मात्र माझं डोकं दुखतं. पावसाला कसलं आलंय शकणं? ‘पडेल कदाचित’ म्हणा ना.

आता ‘कदाचित’ म्हणजे मुळात ‘कधीतरी’, काळाचा शब्द. इंग्रजीतला ‘परहॅप्स’ नशिबाचा. ‘पर’ हे लॅटिनकडून आलेलं शब्दयोगी अव्यय आणि ‘हॅप’ म्हणजे योगायोग, म्हणजे ‘योगायोगानं’. हॅपन आणि हॅपी त्याच हॅपचे. त्याच थाटाचा ‘बाय चान्स’ तर आपल्या भाजीवालीच्याही तोंडी आहे. तिला विचारलं, उद्या मेथी आणाल का, तर म्हणते, ‘बाय चान्स मिळाली तर.’ माझ्यापेक्षा अचूक.

कायद्यात मात्र ‘मे’चं जुनं बळ शिल्लक आहे. औद्योगिक विकासाच्या १९६१च्या कायद्यात सरकार जमीन संपादन करू शकतं, तिथं इंग्रजीत ‘मे’च आहे. मराठी कायद्यात अशा जागी ‘करता येईल’ असं लिहितात. चाकणकडे निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांतल्या जमिनी एमआयडीसीत गेल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्या ‘मे’त कदाचित नव्हतंच, तो अधिकार होता. कामगाराच्या पत्रातल्या ‘मे’त मात्र कदाचितशिवाय काहीच नाही. शब्द तोच. लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, त्यावर अर्थ.

भाऊंना काय सांगायला हवं होतं, ते मला फार उशिरा सुचलं. ‘कायम करतीलही.’ बस, शेवटी एक ‘ही’. भाऊंना तो बरोब्बर कळला असता, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठी चांगलं येत होतं.

भाऊ आता नाहीत. मुलानं पुढं भोसरीत एका शेडमध्ये दोन लेथ टाकल्या, बरं चाललंय. गेल्या दिवाळीत लेकीला घेऊन आला होता. तिला चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलंय. म्हणाला, ‘बाई, बघा जरा.’ मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तीन ठिकाणी ‘मे’भोवती गोल केले. पोरगी हसली. म्हणाली, ‘आजी, हल्ली सगळीकडे असंच लिहितात.’