इंधन टाक्या, दुहेरी
एकच इंधन दोन स्वतंत्र टाक्यांत साठवून चालकाच्या इच्छेनुसार त्यांपैकी एकीतून कार्ब्युरेटरला पुरविण्याची मालमोटारीतील योजना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० नंतरच्या दशकात पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप मालमोटारींत ती बरीच रूढ होती. मोठ्या एंजिनांना पेट्रोल पुष्कळ लागे आणि ग्रामीण भागात अंतरेही लांबची असत.

दोन्ही टाक्यांतून येणाऱ्या नळ्या एका निवड-झडपेला जोडतात व तेथून एकच नळी एंजिनावरील यांत्रिक पंपाकडे जाते. पंप इंधन ओढून घेतो व अल्प दाबाने कार्ब्युरेटरला देतो. कार्ब्युरेटरच्या प्लवक-कोठीत थोडे इंधन शिल्लक असल्याने चालत्या गाडीतही टाकी बदलता येते. आरंभी ही झडप हाताने फिरवीत. पुढे विद्युत् झडप आली व एकाच खटक्याने टाकी आणि इंधनमापक दोन्ही बदलू लागले. जादा इंधन परत नेणारी नळी असल्यास तिचा मार्गही त्याच वेळी बदलावा लागतो. नाहीतर एका टाकीतील पेट्रोल दुसरीत साचून बाहेर सांडते.

जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत १९७२ पर्यंत टाकी सामान्यतः चालककक्षात, आसनामागे असे. १९७३ च्या नव्या मालिकेत ती चासिसच्या लांबट तुळईबाहेर, गाडीच्या बाजूला आली. त्यामुळे पेट्रोल चालककक्षाबाहेर गेले व दुसऱ्या बाजूस आणखी एक टाकी बसविणे सोपे झाले. मोठ्या आकाराच्या प्रत्येक टाकीत सु. ७६ लि. पेट्रोल मावे. त्याच वर्षाच्या अखेरीस उद्‌भवलेल्या तेलटंचाईत पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा जादा साठ्याचे महत्त्व वाढले.

तथापि बाजूने धडक बसल्यास टाकीला तुळईचे संरक्षण मिळत नसे. टाकी फुटून लागलेल्या आगींत माणसे दगावली व न्यायालयात दावे दाखल झाले. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९२ मध्ये चौकशी आरंभिली. ऑक्टोबर १९९४ मध्ये परिवहनमंत्री फेदेरिको पेन्या यांनी या रचनेत सुरक्षाविषयक दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला. गाड्या तत्कालीन संघीय मानक पाळतात, असे कंपनीचे म्हणणे होते. डिसेंबरमध्ये तडजोड होऊन कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५.१ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. गाड्या मात्र परत मागविल्या गेल्या नाहीत.

तत्पूर्वीच, १९८८ च्या नव्या मालिकेत टाकी तुळयांच्या आत घेण्यात आली होती. इंधन-अंतःक्षेपणाचा प्रसार होऊन कार्ब्युरेटर मागे पडला, तशी ही जुनी जोडणीही नव्या गाड्यांतून नाहीशी झाली.