माहूरचा राजे उदाराम: फितूर म्हणायचं का?

माहूरला आपण जातो ते रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला. तिथल्या किल्ल्याकडे मात्र आपलं लक्ष कमीच. आजचा भाग त्या किल्ल्याशी जोडलेल्या एका सरदाराचा. नाव राजे उदाराम.

काळ चारशे वर्षांपूर्वीचा. निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात, आणि उत्तरेकडून जहांगीर बादशहाचं सैन्य खाली येतंय. उदाराम निजामशाहीतला. पण सिंदखेडचे लखुजी जाधवराव, आदम खान हबशी अशा सरदारांसोबत तो मुघलांना जाऊन मिळाला. १६१६ साली अंबरचा मोठा पराभव झाला.

इथंच गोष्ट संपली असती तर आपण सरळ "फितूर" म्हणून मोकळे झालो असतो. पण अंबरनं या लोकांना पुन्हा आपल्याकडे वळवलं. आदम खानाला तर कुराणावर हात ठेवून शब्द दिला. मग त्याला पकडून दौलताबादच्या किल्ल्यात टाकलं आणि मारलं. उदाराम निसटून विजापूरच्या हद्दीकडे गेला, तर आदिलशहानं आत घेतलं नाही. अंबरची फौज मागावर आली, तिला उदारामनं हरवलं. पण या मुलखात आता राहायचं कसं? शेवटी बायकापोरं, माणसं घेऊन तो शहजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे गेला. तिथं त्याला तीन हजारी मनसब मिळाली. हे सगळं खुद्द जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

आता खरी पंचाईत बघा. काही वर्षांनी खुर्रमनंच बापाविरुद्ध बंड केलं. १६२३ साली पळताना तो माहूरला आला, जड सामान आणि हत्ती किल्ल्यात उदारामच्या ताब्यात ठेवले आणि गोवळकोंड्याकडे निघून गेला. म्हणजे आसरा देणारा शहजादा बंडखोर, आणि मनसब बादशहाची. पुढच्याच वर्षी भातवडीच्या लढाईत उदाराम बादशहाच्या फौजेत दिसतो. १६२८ ला तोच खुर्रम तख्तावर बसला, तरी उदारामची सरदारकी टिकली!

अशी माणसं सगळीकडे होती. इंग्लंडच्या विल्यम मार्शलची जमीन समुद्राच्या दोन्ही बाजूंना होती. १२०४ साली फ्रान्सच्या राजानं नॉर्मंडी जिंकली. मार्शलनं तिथली जमीन राखायला फ्रान्सच्या राजापुढंही निष्ठेची शपथ घेतली. इंग्लंडचा राजा जॉन भडकला. पण जॉन मेल्यावर त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचं राज्य सांभाळलं ते याच मार्शलनं.

आपल्या लातूर जिल्ह्यातही बघा. १६३६ साली उदगीरचा निजामशाही किल्लेदार सिद्दी मिफ्ताह यानं वेढ्यानंतर किल्ला मुघलांना दिला आणि मुघलांचा मनसबदार झाला.

मला यातून एवढंच कळतं की त्या काळी निष्ठा देशाशी नव्हती. ती वतनाशी होती, घराण्याशी होती आणि दिलेल्या शब्दाशी होती. शब्द दोन्हीकडून पाळायचा असतो. लखुजी जाधवराव १६२९ साली परत निजामशहाच्या दरबारात गेले, तर दौलताबादला मुलांसकट मारले गेले. परत जाणं किती महाग पडायचं, ते इथं दिसतं. अर्थात सरदारांच्या या हिशेबात गावं जळायची ती रयतेची. तेवढी जबाबदारी उदारामवरही येतेच.

उदारामच्या घराण्यातलीच रायबागन. १६६१ ला उंबरखिंडीत ती मुघल सरदार कारतलब खानासोबत होती. शिवरायांनी खिंडीत कोंडल्यावर "आता शरण जा" असा सल्ला तिनं त्याला दिला, असं शिवभारतात येतं. तिच्यावर पुढचा अख्खा भाग करतोय.

तोपर्यंत तुम्ही सांगा: आदम खानाचं काय झालं हे माहीत असताना, उदारामच्या जागी तुम्ही कुणाकडे गेला असता? भेटू पुढच्या भागात!