पंडिता रमाबाई आणि कामांतील धर्म

मनुष्याचा धर्म त्याच्या उपासनेंत पाहावा कीं त्याच्या रोजच्या कामांत, हा प्रश्न महाराष्ट्रापुढें पंडिता रमाबाईंच्या निमित्तानें फार तीव्रतेनें उभा राहिला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, असें आश्वासन होतें. रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. परंतु मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेस जाऊन बसूं लागल्या, आणि १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. सल्लागारांनीं राजीनामे दिले. कित्येक पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या.

विश्वासानें मुली सोपविणाऱ्यांची चिंता निराधार म्हणतां येत नाहीं. उलटपक्षीं, आपण कोणावर सक्ती केली नाहीं, पण प्रार्थनेच्या वेळीं दारही लावून घेणार नाहीं, अशी बाईंची भूमिका होती. हा वाद शब्दांनीं मिटणारा नव्हता.

दुष्काळ बाईंनीं पुस्तकांत वाचलेला नव्हता. १८७० नंतरच्या दुष्काळांतच त्यांचे आईवडील व थोरली बहीण हीं निवर्तलीं होतीं. म्हणून १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत अन्नान्नदशा झाली, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि शेंकडों निराधार स्त्रियांना व मुलींना केडगांवच्या जमिनीवर घेऊन आल्या. तेंच मुक्तिसदन. तेथें ख्रिस्ती उपासना उघडपणें चाले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या घरांत गेली.

एवढ्या तोंडांना केवळ प्रार्थनेनें अन्न मिळत नसतें. शेत, गाईगुरें, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, अशीं कामें वांटून दिलेलीं असत. कन्या मनोरमाबाईंनीं आंधळ्या मुलींनाही शिकविलें. टाकून दिलेल्या स्त्रीला पोटापुरतें कमावतां यावें, हा त्यांत हेतु होता. बाईंच्या दृष्टीनें ही ईश्वराचीच सेवा होती.

सर्वांत दीर्घ काम बायबलाच्या भाषांतराचें. प्रचलित मराठी बायबल खेड्यांतील अल्पशिक्षित बाईला कठीण जाई. म्हणून संस्कृत विद्वत्तेसाठीं ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या या स्त्रीनें पांडित्य बाजूस ठेवलें, उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सोपी मराठी लिहिली. खिळे जुळविणें व छापणें हीं कामें सदनांतील स्त्रियांनींच केलीं. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. तें दुःख सोसूनही बाईंचें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

त्यांच्या धर्मांतराविषयीं मतभेद आजही आहेत, आणि ते राहतील. परंतु ज्यांना कोणीही घर दिलें नाहीं, अशा स्त्रियांच्या हातीं त्यांनीं नांगर, माग व छपाईचे खिळे दिले, हें त्यांच्या टीकाकारांनाही नाकारतां येत नाहीं. केडगांवची ती संस्था अद्यापि चालू आहे.