सहा तुकड्यांचं चरित्र

वर्गात चर्चा घ्यायची म्हटलं की काय होतं, ते आपण जाणतोच. पाच-सहा हात वर होतात, तेही रोजचेच. बाकीचा वर्ग गप्प. १९७१ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये हेच चित्र होतं. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती. (वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४चा, अंमलाला इतकी वर्षं!) शाळांत मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना बोलावण्यात आलं.

त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी काही दिवस नुसते वर्ग पाहिले. शिक्षकांनी एकाला उठवलं की हात वर केलेल्या इतरांची तोंडं पडत. तो चुकला तर आपली पाळी! अशा वर्गात दुसऱ्याचं ऐकायचं कशाला?

पाचवीच्या वर्गात पाठ होता वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा. त्याचे सहा परिच्छेद सुटे करून सहा जणांच्या गटात वाटले, प्रत्येकाला एकच. पूर्ण चरित्र गटातल्या सोबत्यांकडूनच कळणार आणि शेवटी परीक्षा.

एका गटात कार्लोस (हे बदललेलं नाव) होता. घरची भाषा स्पॅनिश, इंग्रजी अडखळत. तो बोलायला लागला तशी मुलं चिडवू लागली. निरीक्षकानं एवढंच सांगितलं, "चिडवायचं तर चिडवा, पण परीक्षेत पुलित्झरच्या आयुष्याचा हा भाग त्याच्याकडूनच मिळणार आहे." चिडवणं लगेच नाही, पण हळूहळू थांबलं. मुलं त्याला नेमके प्रश्न विचारायला शिकली आणि कार्लोस बोलू लागला. आम्हांला या साऱ्या हकिकतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. चर्चा उत्तरांनी नव्हे, गरजेतून आलेल्या प्रश्नांनी सुरू झाली.

पुढे एक सुधारणा झाली. एकच परिच्छेद मिळालेली निरनिराळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तयारी करत, त्यामुळे वाचनात मागे असणाऱ्यालाही आधार मिळे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अल्पसंख्य मुलांचे गुण वाढलेले दिसले आणि गोऱ्या मुलांचे कमी झाले नाहीत.

आपल्याकडे अडचण एकच. पाठ्यपुस्तक सर्वांच्याच दप्तरात असतं, मग सोबत्याचं ऐकायची गरज उरत नाही. म्हणून आम्ही पुस्तकाबाहेरचा मजकूर घेतो, हातानं लिहून. आणि एक जादा चिठ्ठी खिशात ठेवतो. कुणीतरी गैरहजर असतंच.