भुयारातील मृतांची मोजदाद

दुसऱ्या महायुद्धातील लंडनची भुयारी रेल्वे म्हटली की फलाटांवर दाटीवाटीने निजलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. हेन्री मूर ह्या शिल्पकाराच्या रेखाचित्रांनी त्या दृश्याला कलेच्या इतिहासातही स्थान मिळवून दिले. जमिनीच्या पोटात शिरलेले शहर सुरक्षित राहिले, ही समजूत अशाच चित्रांतून दृढ झाली. ती अर्धीच खरी आहे.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जर्मन विमानांचे सलग हल्ले सुरू झाले. स्थानकांचा आश्रयस्थान म्हणून वापर होऊ नये, अशी सरकारची प्रारंभीची भूमिका होती. रेल्वेची वाहतूक खोळंबेल आणि एकदा खाली उतरलेली माणसे वर यायची नाहीत, अशी भीती त्यामागे होती. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले आणि ते फलाटावरून हललेच नाहीत. अखेर सरकारलाच नमते घ्यावे लागले.

परंतु सगळीच स्थानके सारखी खोल नव्हती. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बॅलम स्थानकावरील रस्त्यात बॉम्ब पडला. भुयाराचे छत फुटले, पाण्याच्या व सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या तुटल्या आणि पाणी, वाळू, चिखल ह्यांचा लोंढा फलाटावर आला. वर ब्लॅकआउटच्या अंधारात एक बस त्याच खड्ड्यात जाऊन पडली. त्या बसचे छायाचित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. खाली किती माणसे दगावली, ह्याविषयी मात्र ६४ ते ६८ असे निरनिराळे आकडे आढळतात. २०१० मध्ये स्थानकात बसवलेल्या नव्या स्मृतिफलकावर आकडाच नाही.

११ जानेवारी १९४१ रोजी बँक स्थानकाच्या तिकीटघरावर बॉम्ब पडला आणि वरचा चौकच खाली आला. खड्डा इतका प्रचंड होता की त्यावर लष्कराच्या अभियंत्यांना तात्पुरता पूल बांधावा लागला. येथील मृतांचा आकडा कुठे ५६, तर कुठे १११ असा दिला जातो.

दोन्ही ठिकाणी काही महिन्यांत गाड्या पुन्हा धावू लागल्या. ह्या विलक्षण दुरुस्तीचे कौतुक यथार्थच आहे. मात्र गाडी सुरू झाली म्हणजे हानी भरून निघाली, असा ह्या कौतुकाचा सूर असतो आणि तो तपासून घ्यायला हवा.

बेथनल ग्रीनची दुर्घटना ह्या दृष्टीने बोलकी आहे. ३ मार्च १९४३ रोजी तेथे बॉम्ब पडलाच नाही. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाण सुटले. त्या अनोळखी आवाजाने गर्दी घाबरली आणि अंधुक जिन्यावर एकावर एक कोसळून १७३ माणसे गुदमरली. त्यांतली ६२ मुले होती. प्रवेशद्वार भक्कम करण्याची स्थानिक परिषदेची मागणी वरिष्ठांनी आधीच फेटाळली होती. चौकशी झाली, पण तिचा अहवाल १९४५ पर्यंत दडपून ठेवण्यात आला. संपूर्ण स्मारक उभे राहायला २०१७ साल उजाडले.

शत्रूच्या बॉम्बने मेलेल्यांना निदान हुतात्म्यांचा मान मिळतो. आपल्याच व्यवस्थेच्या हेळसांडीने मेलेल्यांना इतिहासात जागा मिळायला फार उशीर लागतो. नागरिकांच्या धैर्याची गाथा आपण अवश्य वाचावी. मात्र त्या धैर्याच्या आड कोणाचा हिशेब चुकता व्हायचा राहिला, हेही विचारावे.