किल्ल्या एकाच खुंटीला

१९६०च्या दशकात एमआयटीतला एकच संगणक अनेकजण वाटून वापरत. फर्नांडो कोर्बातो यांच्या 'सीटीएसएस' प्रणालीत टर्मिनलं वेगळी, पण साठवण सामायिक. म्हणून प्रत्येकाच्या फायलींना पासवर्डचं कुलूप आलं.

ते फार टिकलं नाही.

१९६२मध्ये पीएच.डी. करणाऱ्या ॲलन शेर यांना वाट्याचा वेळ पुरेना. शुक्रवारी रात्री त्यांनी पंच कार्डावरून पासवर्डची अख्खी फाईल छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन उचलली! सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला, तीही उघड्यावर.

१९६६मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. त्याच दशकात केंब्रिजमध्ये रॉजर नीडम यांनी पासवर्ड मूळ रूपात न ठेवता, उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपात साठवायची पद्धत आणली.